आभाळ निळं असतानाही पूर येतो : वाळवंटातल्या घळींबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लाल खडकांच्या ट्रेल्सबद्दल आणि तिथल्या स्लॉट कॅनियन्सबद्दल, म्हणजे खूप अरुंद आणि खोल घळींबद्दल, लिहिलं होतं. त्यावर बरेच मेल आले, पुण्या-ठाण्यातून आले तसे अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडूनही आले. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे सारखे विचारले गेलेले प्रश्न निवडलेत. नावं छापत नाही, फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार, आमचा चार जणांचा ट्रेकिंग ग्रुप आहे, सांधण दरी, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड वगैरे करून झालंय, रोपची सवय आहे. ऑगस्टमध्ये फिनिक्सला भावाकडे जातोय, तेव्हा बकस्किन गल्च ही घळ एका दिवसात करायचं ठरवतोय. भावाने ॲपवर बघितलं तर तिथे बहुतेक दिवस सूर्यच दाखवतंय. सांधण केलेल्यांना हे जड जाणार नाही ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : ऑगस्टमध्ये नको. तुमच्या तयारीबद्दल मला अजिबात शंका नाही, पण इथे प्रश्न तयारीचा नाहीच आहे.

सांधणला आपण पावसाळ्यात उतरत नाही, कारण आपला पाऊस दिसतो, चार महिने आभाळ भरलेलं असतं, कुणालाही कळतं की आता घळीत पाणी आहे. इथला पावसाळा तसा नसतो. १५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला मान्सून धरतात, आणि त्यात सकाळ एकदम स्वच्छ, कडक ऊन, दुपारी कुठेतरी एका पट्ट्यात ढग जमतात आणि तासाभरात तिथे बदाबदा कोसळून मोकळे होतात, शेजारच्या पठारावर थेंबही नसतो. हे पाणी जमिनीत मुरायला माती पाहिजे ना, ती नाहीये, सगळा उघडा खडक, त्यामुळे पडलं ते सगळं पाणी उतारावरून ओहोळात, ओहोळातून ओढ्यात आणि ओढ्यातून थेट घळीत येतं. म्हणजे ज्या घळीत तुम्ही उभे आहात तिच्या वरचं पाणलोट क्षेत्र कित्येक मैल पसरलेलं असतं आणि तुम्हाला मात्र डोक्यावर आभाळाची दोन हात रुंद पट्टी दिसत असते, ती निळीशार असली तरी त्याला काही अर्थ नाही. ॲपवरचा सूर्य हा एका ठिकाणचा अंदाज असतो, पाणलोटाचा नाही.

१२ ऑगस्ट १९९७ ला पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये नेमकं हेच झालं. पाऊस पडला तो वरच्या अंगाला काही मैलांवर, कॅनियनपाशी जेमतेम शिंतोडे. पाण्याचा लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. तेव्हाच्या लाकडी शिड्या पाण्याबरोबर वाहून गेल्या. आणि १४ सप्टेंबर २०१५ ला झायन नॅशनल पार्कमधल्या कीहोल कॅनियनमध्ये ७ जण गेले, ती तर रोप घेऊन उतरलेली माणसं होती. म्हणून सांगते, रोप येतो याचा या बाबतीत उपयोग नाही.

बकस्किनबद्दल वेगळं सांगायचं कारण म्हणजे ती जवळपास १५ मैल लांब आहे, जगातल्या सगळ्यात लांब स्लॉट कॅनियन्समध्ये तिचं नाव घेतात, आणि एवढ्या लांबीत मधूनच वर निघायला जवळजवळ जागाच नाही, एक मिडल रूट म्हणून वाट आहे पण तीही खडकावर हातापायांनी चढायची. वायर पास नावाच्या वाटेनं आत गेलात आणि भिंती जवळ आल्या की एकदा मान वर करून बघा. डोक्याच्या खूप वर, दोन भिंतींच्या मध्ये झाडांचे ओंडके आडवे अडकलेले दिसतात, साल निघालेले, करड्या रंगाचे, त्यांच्या बेचक्यात काटक्या-कचऱ्याचा गठ्ठा बसलेला. ते कुणी नेऊन ठेवलेले नाहीत, पाणी तिथवर चढलं होतं आणि ओसरताना ते तिथेच राहिले. मला वाटतं बकस्किनला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या ओंडक्यांखाली दोन मिनिटं थांबावं.

मग कधी? ऑक्टोबरमध्ये या, किंवा एप्रिल-मे. तेव्हाही निघायच्या दिवशी सकाळी नॅशनल वेदर सर्व्हिसचा त्या भागाचा फ्लॅश फ्लड अंदाज बघायचा, तो चार पायऱ्यांत देतात, पूर अपेक्षित नाही, शक्य आहे, बहुधा येईल, आणि येणारच. माझं मत स्पष्ट आहे, पहिली पायरी सोडून काहीही असेल तर घळीत उतरायचं नाही, मग परमिट हातात असो नाहीतर विमानाचं तिकीट उद्याचं असो. बकस्किनला एका दिवसासाठीसुद्धा परमिट लागतं. तिथे नेणारा हाऊस रॉक व्हॅली रोड मातीचा आहे, ओला झाला की त्यावरून गाडी जातच नाही, चाकं रुततात. आणि ऑक्टोबरमध्येसुद्धा आत कुठे कुठे गार चिखलपाण्याची डबकी असतात, छातीपर्यंतसुद्धा, जिथे ऊन कधी पोचत नाही, बाहेर घाम आणि आत कुडकुडणं असा प्रकार होतो, त्यामुळे एक गरम थर आणि कोरडे मोजे सॅकमध्ये पाहिजेतच.

ऑगस्टची सुट्टी फुकट घालवू नका पण. ब्राइस कॅनियन आठ-नऊ हजार फुटांवर आहे, तिथे पहाटे निघा आणि दुपारचे ढग जमायच्या आत, विजा सुरू व्हायच्या आत वर या, सुंदर ट्रेल्स आहेत.

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात असतो, आम्ही दोघं मे महिन्यात त्याच्याकडे जाणार आहोत. तो अँटिलोप कॅनियन दाखवतो म्हणतोय. ह्यांचं वय ७०, माझे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. फोटो बघून फार मन होतंय पण आम्हाला झेपेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काकू, नक्की जा, फक्त मुलाला सांगा की अप्पर अँटिलोपचं बुकिंग कर, लोअरचं नको. लोअरमध्ये उभे लोखंडी जिने आहेत, काही अगदी शिडीसारखे, वाट अरुंद, आणि मागे रांग असल्यामुळे जिन्यावर थांबून दम खाता येत नाही. अप्परला तुम्ही जमिनीच्या पातळीवरूनच आत जाता, पायाखाली वाळू असते. पण तिथेही हल्ली एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असं करतात, बाहेर पडल्यावर परतीची वाट वरून आहे आणि तिला थोडा चढउतार आहे, तर बुकिंग करताना टूरवाल्यांना गुडघ्यांचं सांगून ती वाट नीट विचारून घ्या.

ही जागा नॅशनल पार्कमध्ये येत नाही, नाव्हाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, त्यामुळे पार्कचा पास इथे चालत नाही आणि त्यांच्या गाईडशिवाय आत जाता येत नाही. मला ते योग्यच वाटतं. गाईड त्याच परिसरात वाढलेला असतो, वरच्या बाजूला पावसाची लक्षणं दिसली तर टूर रद्द करतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. उन्हाची ती तिरीप फोटोत दिसते ना, ती अप्परमध्येच आणि साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारी. मे म्हणजे बरोबर हंगामात जाताय.

एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा, घड्याळाची. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, नाव्हाहो नेशन पण करतं, आणि पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं. तिथे फोन कुठल्या टॉवरला लागेल त्याप्रमाणे वेळ एक तास इकडे तिकडे उडी मारते आणि लोकांची टूर चुकते. बुकिंगची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारा आणि हातावरचं घड्याळ त्याला लावून ठेवा.

झायन किंवा ग्रँड कॅनियनही बघणार असाल तर २०२६ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांसाठी तिथला खर्च बराच वाढलाय, परदेशी पर्यटकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झालाय. तेव्हा कुठले पार्क करायचे ते आधी ठरवा आणि मग पास घ्यायचा का ते बघा.

प्रश्न : पाणी किती न्यायचं? सह्याद्रीत दोन लिटरमध्ये दिवस निघतो. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दिवसभराच्या ट्रेलला माणशी चार लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि दोनमध्ये भागेल असं वाटण्याचं कारण सांगते, कोकणाच्या बाजूला उतरताना शर्ट भिजतो म्हणून आपल्याला कळतं की पाणी गेलं, इथे हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, मागे फक्त टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ राहते. तहान लागेपर्यंत थांबू नका. पण नुसतं पाणीच ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ कमी होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं असं सगळं होतं, लोकांना वाटतं ऊन लागलं म्हणून ते आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं. त्यामुळे इलेक्ट्रॉल किंवा ओआरएसची पाकिटं, खारे दाणे, लोणच्याची फोड घातलेली दशमी, असं खारट काहीतरी बरोबर पाहिजेच. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालायचं नाही, पहाटे निघायचं. वाटेत झरा मिळेल, ओढा मिळेल या भरवशावर राहू नका, नकाशावर निळी रेघ असली तरी तिथे बहुतेक वेळा कोरडी वाळू असते.

प्रश्न : द वेव्हचं परमिट मिळतच नाही हो! तीन-चार महिने लॉटरी लावतोय. काही युक्ती आहे का? – एक वाचक, सॅन होजे

उत्तर : युक्ती नाही. कोयोट ब्यूट्स नॉर्थ या भागात, जिथे वेव्ह म्हणजे तो लाटांसारखा दिसणारा खडक आहे, दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं सोडतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. ४८ जागा चार महिने आधीच्या ऑनलाइन लॉटरीत आणि १६ जागा रोजच्या लॉटरीत, ती रोजची लॉटरी लावताना तुमचा फोन त्या भागातच असावा लागतो, म्हणजे कनाब किंवा पेज या गावांच्या आसपास चार-पाच दिवस राहायचा प्लॅन केलात तर रोज एक संधी मिळते. थंडीच्या दिवसांत मधल्या वारी जरा बरे चान्सेस असतात. संख्या वाढवा अशी ओरड नेहमी चालू असते, मी मात्र मर्यादेच्या बाजूने आहे. त्या खडकाच्या कडा बुटाने तुटतात इतक्या पातळ आहेत, जवळून बघितल्या तर खारी बिस्किटाच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक, आणि एकदा तुटली की ती कड पुन्हा बनत नाही.

आणि मिळालं परमिट तर जुलैमध्ये हट्टाने जाऊ नका. जाऊन येऊन साधारण साडेसहा मैल आहे, आकडा छोटा वाटतो, पण आखलेली वाट नाही, सावली नाही, पाणी नाही, परमिटबरोबर मिळणारे फोटो बघत बघत वाट काढायची असते आणि परतताना सगळे खडक सारखेच दिसतात. २०१३ च्या जुलैमध्ये त्याच वाटेवर एक नवरा-बायको उन्हाने गेले. परमिट पुन्हा कधी मिळणार या विचाराने लोक निघतात, तो विचार बाजूला ठेवा.

तोपर्यंत लास वेगसजवळच्या व्हॅली ऑफ फायरमध्ये फायर वेव्ह बघून या, लॉटरी वगैरे काही नाही, छोटा ट्रेल आहे, फक्त कडक उन्हाळ्यात तो बंद ठेवतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून स्प्रिंग ब्रेकमध्ये येतोय, मुलं ७ आणि १० वर्षांची. त्यांना आत शिरून चढण्या-उतरण्याची मजा येईल अशी घळ सुचवा. नवऱ्याची तब्येत जरा भरलेली आहे. – एक वाचक, एडिसन

उत्तर : लिटल वाइल्ड हॉर्स कॅनियन! गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्कच्या शेजारी. सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमानाने आलात तर पुढे गाडीने साधारण चार तास. पूर्ण फेरी बेल कॅनियनमधून फिरून येते, ती आठ मैलांची आहे, एवढी मुलांना करायला लावू नका, आत तासभर जा आणि त्याच वाटेनं परत या, सगळ्यात सुंदर अरुंद भाग तसाही लवकर लागतो. भिंती दोन्ही हातांना एकदम लागतात, खाली मध्ये मध्ये खडक अडकलेले, त्यावरून मुलं आपली आपली चढतात. परतताना गॉब्लिन व्हॅलीत सोडा त्यांना, छत्रीसारख्या दगडांमध्ये लपाछपी खेळून दमतील.

युटातल्याच एस्कलांटे गावाजवळच्या पीकाबू आणि स्पूकी या घळींच्या जोडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १० वर्षांच्या मुलाला ती फार आवडेल, पण सुरुवातीलाच पीकाबूच्या तोंडाशी बारा-एक फुटांची भिंत चढायची आहे, खडकात पाय ठेवायला खोबण्या आहेत, तरी ७ वर्षांच्या मुलाला खालून वरून दोघांनी धरावं लागेल. आणि स्पूकी काही ठिकाणी २५ सेंटिमीटर इतकी अरुंद आहे, तिथे सॅक काढून हातात धरून आडवं सरकायचं, भिंतीवर बारीक खडे टोचतात, छाती-पाठ दोन्ही घासतात. तब्येत भरलेली असेल तर अडकायला होतं, आणि घाबरल्यावर श्वास जोरात घेतला की आणखी अडकतो माणूस. तुमच्या मिस्टरांनी स्पूकी वरून चालत टाळावी, पीकाबू करावी. तिथे जाणारा होल-इन-द-रॉक रोड कच्चा आहे, कोपऱ्याकोपऱ्यात गाडी थडथडते, भाड्याची गाडी असेल तर करारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का बघून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस झाला असेल तर आत गार पाणी साचलेलं असतं, मुलांना जादा बूट आणा.

प्रश्न : मी भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आपल्याकडच्या काळ्या कातळात अशा वळणदार रंगीत भिंती का तयार होत नाहीत? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फार छान प्रश्न, आणि याचं उत्तर प्रत्येक ट्रेकरला माहीत असायला हवं कारण त्यावर जिवाचं अवलंबून असतं. आपला बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, कठीण आणि एकसंध. तिकडचा नाव्हाहो सँडस्टोन त्याच्याहून खूप जुना, जवळपास १९ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्यांचा प्रचंड समुद्र होता, वाऱ्याने टेकड्या सरकत राहिल्या, त्यांच्या उतारांचे थर एकावर एक तिरके बसत गेले, पुढे भूजलातल्या खनिजांनी ते कण चिकटून खडक झाला. भिंतीवर तुम्हाला ज्या तिरक्या रेघा दिसतात तो त्या टेकड्यांचा उतार, म्हणजे तेव्हा वारा कुठून वाहत होता ते आजही हात लावून कळतं. लाल-केशरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि जिथे पाण्याने लोह धुवून नेलं तिथे पांढरा. झायनमध्ये या एकाच थराची जाडी दोन हजार फुटांच्या आसपास जाते.

घळ कशी होते, तर खडकाला आधी उभी भेग असते, पुराचं पाणी त्या भेगेत घुसतं, आणि पाण्यातली वाळू, गोटे हेच खडकाला घासतात. पूर वर्षातून थोडाच वेळ येतो पण येतो तेव्हा सगळी कापाकापी करून जातो, आणि बाकी वर्षभर कोरडं असल्यामुळे भिंतींच्या वरच्या कडा ढासळून रुंद होत नाहीत, म्हणून ती अरुंद आणि खोल राहते. आपल्याकडे हे अजिबात होत नाही असं नाही, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघ, भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी बेसॉल्टसुद्धा असा गोल कोरलाय. स्लॉट कॅनियन्समध्येही तसेच रांजण असतात, काही इतके खोल आणि गुळगुळीत की पाणी कमी असताना आत उतरलेला माणूस मदतीशिवाय वर येऊ शकत नाही.

जिवाची गोष्ट ती ही, सँडस्टोन ओला झाला की कमजोर होतो. कण धरून ठेवणारा जोडच भिजतो. सह्याद्रीत ओल्या कातळावर पाय घसरतो पण धरलेला खडक हातात येत नाही सहसा, इथे येतो. पावसानंतर किमान एक-दोन दिवस त्यावर चढाई करायची नाही. कोरडा असताना पकड इतकी छान की सरसर वर चढून जातो माणूस, मग वळून खाली बघतो आणि उतरता येत नाही, रेस्क्यूच्या कितीतरी गोष्टी इथूनच सुरू होतात. उतरता येईल तेवढंच चढ.

आणि वाटेच्या बाजूला काळपट, भुगाभुगा, छोट्या बुरुजांसारखी दिसणारी माती असते तिच्यावर पाय देऊ नकोस. ती जिवंत आहे, सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी वाळूचे कण विणून धरलेत, वाऱ्याने उडून न जाणारी जमीन तिथे तेवढीच. एका पावलाने तुटलेली ती सावरायला कित्येक दशकं लागतात. खडकावरून चाल नाहीतर ओढ्याच्या वाळूतून चाल.

प्रश्न : मी एकटी ट्रेक करते, घरचे काळजी करतात. अशा ट्रेल्सवर एकटीने जावं का? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : झायन, ब्राइस, आर्चेस या पार्कांमधल्या वाहत्या ट्रेल्सवर खुशाल जा. आर्चेसमधला डेलिकेट आर्चचा ट्रेल जाऊन येऊन तीन मैल आहे, रोज शेकडो लोक असतात. घळींमध्ये एकटीने नको, निदान पहिल्या काही वेळा तरी. ॲरन रॉल्स्टनची गोष्ट तुला माहीत असेलच, एप्रिल २००३ मध्ये ब्लूजॉन कॅनियनमध्ये मोठा धोंडा सरकून त्याचा हात भिंतीशी अडकला, पाच दिवस तो तिथे होता आणि शेवटी स्वतःचा हात कापून बाहेर आला. तो अनुभवी, ताकदवान गिर्यारोहक होता, पण कुठे चाललोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याला शोधायचं कुठे हेच आधी कुणाला कळेना.

घळीत मोबाइलला रेंज नसते हे धरूनच चाल. सॅटेलाइट मेसेंजर घे, पण खोल भिंतींमध्ये त्यालाही आभाळ दिसत नाही, मेसेज जायला वेळ लागतो किंवा जातच नाही, म्हणून तोच एकमेव आधार समजू नकोस. निघताना घरी लिहून पाठव, ट्रेलहेडचं, म्हणजे ट्रेल सुरू होतो त्या जागेचं नाव, कुठल्या वाटेनं आत आणि कुठून बाहेर, गाडीचा नंबर आणि रंग, आणि दोन वेळा, मी साधारण किती वाजता फोन करेन आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्या काउंटीच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, फोन करायचा. शेरीफ ऑफिसचा नंबर पण त्यातच लिही, आईबाबांना ऐनवेळी शोधत बसायला नको. आणि त्या वाटेत बदल केलास तर रेंज असेपर्यंत कळव, नाहीतर ते तुला वेगळ्याच कॅनियनमध्ये शोधत राहतील.